सहा आठवडे गहू

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी कापड कापते. एकोणीस वर्षं झाली. पोर दारातून आत आलं की मला त्याचं माप कळतं, टेप लावायचीसुद्धा गरज पडत नाही. असं असून माझ्या स्वतःच्या घरातली मुलगी सलग तीन वर्षं एकाच नंबरच्या गणवेशात मावत होती आणि मी दरवर्षी तोच नंबर कापून घरी नेत होते. "बरंच आहे, कापड वाचतं," असं एकदा हसत म्हणालेही होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मुलगी माझी नाही, माझ्या ताईची. ताई गेली तेव्हा पिटू चार वर्षांची होती. भावोजी लांब पल्ल्याची बस चालवतात, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. मी बिनलग्नाची, तापट, कोणाशी फारसं न पटणारी. "माय मरो पण मावशी जगो," असं शेजारच्या बाया कौतुकाने म्हणाल्या आणि मी दोन बॅगा घेऊन ताईच्या घरी राहायला आले. ती म्हण मला कधीच आवडली नाही. म्हणणाऱ्याने आधी माय मेलेल्या पोराला विचारून यावं.

पिटू नावाप्रमाणेच पिटुकली. हातापायाच्या काड्या आणि पोट मात्र फुगलेलं. आठवड्यातून दोनदा तरी शाळेतून पोट धरून घरी यायची. संडासात अर्धा अर्धा तास बसायची आणि बाहेर आली की भिंतीला टेकून उभी राहायची. सगळे म्हणायचे, हिच्या अंगाला लागत नाही. ताईच्याही अंगाला लागत नव्हतं. ती जन्मभर फिकट, जन्मभर दमलेली, रक्त वाढायच्या गोळ्या खाऊन कंटाळलेली, आणि शेवटी तेहतिसाव्या वर्षी एका साध्या तापात गेली. घराण्यातच अशक्तपणा आहे, असं म्हणून आम्ही मोकळे झालो.

आमच्याकडे काजाच्या मशीनवर एक बाई बसते. सगळे तिला काजवालीच म्हणतात. शाळेला सुट्टी असली की पिटू माझ्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगाऱ्यात बसून खेळायची. काजवालीने एक दिवस तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला घेतलं.

"रागावू नकोस," ती म्हणाली, "पण माझा पुतण्या अगदी अस्साच दिसायचा. त्याला गहूच सोसत नव्हता. पाव नाही, बिस्किट नाही, काही नाही. बंद केलं आणि पोरगं फुटभर वाढलं. तू महिनाभर गहू बंद करून तर बघ."

मी रागावले नाही. मी बंद केला. मका, तांदूळ, बटाटा, भाज्या, अंडी. महिन्याचे चार महिने झाले. पिटूचं पोट आत गेलं, गाल वर आले. जिन्यावरून उतरताना कठडा धरणारी पोरगी दोन-दोन पायऱ्या गाळून उड्या मारायला लागली. एकदा जेवताजेवता ती म्हणाली, "मावशी, तुझ्या हातचं पोटात गप्प बसतं." मी उठून नळ सोडला आणि उगाचच भांडी विसळत राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते. माझ्याविषयी इतकं चांगलं आजवर कोणीच बोललं नव्हतं.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण भावोजी दर फेरीला बिस्किटांचे पुडे आणायचे. मी ते उचलून शेजारी द्यायचे आणि मग आमची जुंपायची.

"थेरं आहेत सगळी," ते म्हणायचे. "कुठल्या डॉक्टरने सांगितलं? त्या काज करणारीने? उद्या ती म्हणेल पाणी बंद कर, तर करशील?"

शाळेत तर आणखीच तऱ्हा. तिथे दुपारचं जेवण शाळेतच, सगळ्यांना एकच. बाई म्हणाल्या, डॉक्टरांचं पत्र आणा, मग वेगळा डबा चालेल. पत्र नसेल तर उद्या सगळेच डबे आणतील.

म्हणजे सगळ्यांना कागद हवा होता. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त मलाच हवा होता. तो कागद भावोजींच्या समोर आपटायचा होता. ताई कशाने गेली, हेही मला कोणाच्या तरी तोंडून एकदा ऐकायचं होतं.

पोटाच्या डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी पिटूला झोपवून पोट दाबून पाहिलं, वजन केलं, उंची मोजली आणि रक्त घेतलं. आठवड्याने गेलो तर म्हणाल्या, "रक्तात काही सापडलं नाही."

"म्हणजे तिला काही नाही?"

"तसं म्हणता येत नाही. सिलिॲक नावाचा आजार असावा असा माझा अंदाज आहे. पण त्याच्या खुणा रक्तात आणि आतड्यात गहू खाणाऱ्यालाच दिसतात. तुम्ही चार महिने गहू बंद केलात, खुणा पुसल्या गेल्या. आधी माझ्याकडे यायला हवं होतंत."

पुढे काजवालीला खोदून विचारलं तेव्हा कळलं. काजवालीचा पुतण्या बरा झाला होता खरा, पण त्याची तपासणी आधी झाली होती आणि गहू नंतर बंद झाला होता. हे सांगायचं तिच्या लक्षात आलं नाही, विचारायचं माझ्या.

"आता दोन रस्ते आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक, आहे तसंच चालू ठेवा. पोरगी वाढतेय. फक्त आजार आहेच असं मी लिहून देऊ शकणार नाही. दुसरा, तिला पुन्हा गहू सुरू करायचा. रोज पावाचे दोन काप, सहा आठवडे, एकही दिवस न चुकता. मग रक्त तपासायचं आणि दुर्बीण घालून आतड्याचे बारीक तुकडे काढून बघायचे. तिला त्रास होईल. फार झाला तर लगेच फोन करा, आपण लवकर तपासू नाहीतर सोडून देऊ. घाई नाही, घरी विचार करा."

मी घरी जाऊन विचार केला नाही. तिथेच, त्या खुर्चीत बसून म्हणाले, "दुसरा."

पिटूला मी सगळं समजावलं. डॉक्टरांना तुझ्या पोटात डोकावायचंय, त्यासाठी थोडे दिवस पाव खायला हवा, मग आयुष्यात कधीच नाही. तिने विचारलं, "किती दिवस?" मी बेचाळीस म्हटलं. कापडावर खुणा करायचा खडू तिला आणून दिला आणि तिने स्वयंपाकघराच्या दारामागे रेघा ओढायला सुरुवात केली. पहिले चार दिवस तिने पाव गुपचूप खाल्ला. पाचव्या दिवशी शाळेतून निरोप आला की वर्गात उलटी झाली, घेऊन जा.

पुढचं सगळं मला नीट सांगवत नाही. दहाव्या दिवशी तिचं पोट पुन्हा फुगलं. पाव पुढे ठेवला की ती ओठ मिटून घ्यायची. मी लाडीगोडी लावली, मग ओरडले, मग एकदा तिचा हात धरून बसले आणि काप संपेपर्यंत सोडला नाही. ती रडत चावत होती आणि मी "शहाणी गं माझी ती" म्हणत होते. चौदाव्या दिवशी तिने पाव खिडकीतून खाली टाकला. पंधराव्या दिवशी तो गादीखाली सापडला, त्याला मुंग्या लागल्या होत्या. रोगापेक्षा इलाज भयंकर, असं काजवाली म्हणाली. "फोन कर डॉक्टरणीला. सोड." मी म्हटलं, पंधरा दिवस पोरीने भोगलंय ते फुकट घालवू? अर्ध्यावर कापड सोडणाऱ्यातली मी नाही.

सोळाव्या दिवसापासून पाव मी बंद केला. पिटूला सांगितलं, डॉक्टर म्हणाल्या पुरे झालं. तिने माझ्या गळ्यात हात टाकले. आणि त्याच संध्याकाळी मी चार चमचे गव्हाचं पीठ वाटीभर पाण्यात कालवलं आणि भाजीच्या सुपात ओतलं. सूप छान दाट झालं. ती दोन वाट्या प्यायली.

"यात काही नाही ना?" तिने पहिला घोट घ्यायच्या आधी विचारलं होतं.

"काही नाही. नुसती भाजी."

याला केसाने गळा कापणं म्हणतात. मला तेव्हाही ते कळत होतं. पण सव्वीस दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगत होते. पीठ मी सुपात घातलं, दुधात शिजवलं, कुस्करलेल्या बटाट्यात मळलं. पिटूचं पोट दुखतच राहिलं. आणि मग ती जे बोलायला लागली ते मी गृहीत धरलं नव्हतं. ती माझ्यावर संशय घेत नव्हती, स्वतःच्या पोटावर घेत होती. "मावशी, आता मला भाजीपण सोसत नाही," ती म्हणायची. "बटाटापण नाही. माझं पोट पूर्णच बिघडलं का? मी आईसारखी मरणार का?"

या प्रश्नावर माणुसकी असलेली कोणतीही बाई थांबली असती. मी तिच्या पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, केसांतून हात फिरवला आणि म्हटलं, "वेडी आहेस का?" दुसऱ्या दिवशी पुन्हा चार चमचे पीठ घातलं.

चौतिसाव्या दिवशी मी कपाटाच्या आडोशाला उभी राहून पीठ कालवत होते. पाठीमागे काही वाजलं नाही, तरी मी वळले. पिटू दारात उभी होती. ती वाटीकडे पाहत होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. मी म्हणाले, "अगं, हे..." ती आतल्या खोलीत निघून गेली.

जेवायला हाक मारली तेव्हा ती आली. मी सूप वाढलं. त्यात पीठ होतं. ओतून दिलं असतं तर इतके दिवस वाया गेले असते, हा हिशेब त्या क्षणीही माझ्या डोक्यात चालू होता. तिने वाटी उचलली आणि एका दमात सगळी पिऊन टाकली. वाटी खाली ठेवली.

"अजून किती दिवस?" तिने विचारलं.

"आठ."

"बरं."

पुढचे आठ दिवस तिने मी दिलेलं सगळं खाल्लं. रडली नाही, काही विचारलं नाही. मी याला शहाणपण समजले. मला वाटलं, पोरीला पटलं.

तपासणीच्या दिवशी भावोजी रजा काढून आले. पिटू रात्रीपासून उपाशी होती. हिरवा झगा तिच्या घोट्यापर्यंत येत होता. असले झगे मापावर कापत नाहीत हे मला माहीत आहे, तरी मी तो खांद्यावर दोन ठिकाणी दुमडून दिला. नर्सने हाताला सुई लावताना विचारलं, "कोणी आत येणार का, भूल चढेपर्यंत?" मी पुढे झाले. पिटू म्हणाली, "बाबा." भावोजी आत गेले. मी बाकावर बसून समोरच्या वजनकाट्याकडे पाहत राहिले.

आठवड्याने निकाल आला. रक्तात खुणा होत्या आणि आतड्याच्या आतली लव झडून सपाट झाली होती. डॉक्टरबाईंनी कागदावर सही केली, शिक्का मारला. सिलिॲक, जन्मभर गहू वर्ज्य. मग त्यांनी ताईविषयी विचारलं. मी सगळं सांगितलं. "खात्रीने आता कोणीच सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या, "पण असू शकेल. हा आजार घराण्यात असतो. तुम्हीही रक्त तपासून घ्या."

भावोजी तिथेच, परक्या बाईसमोर, हुंदके देऊन रडले. "मी पिटूच्या आईला दर फेरीला पाव आणायचो," ते म्हणाले. "तिला आवडायचा म्हणून." हा कागद मी त्यांच्या समोर आपटणार होते. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

त्या दिवशी मी घरातला गव्हाचा कण न् कण बाहेर काढला. नवा तवा, नव्या पातेल्या, नवे चमचे आणले. ओटा तीनदा पुसला. भात केला, पातळ भाजी केली आणि पिटूला वाढलं. ती ताटासमोर बसून राहिली.

"खा गं. आता कशातच काही नाही. देवाशपथ."

"तेव्हापण तू असंच म्हणाली होतीस."

आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मी तिची समजूत काढली असती. तिने फळांच्या टोपलीतलं केळं घेतलं, स्वतः सोललं आणि खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून तिची रीतच ठरून गेली. ज्याला साल आहे आणि जे तिला स्वतःला सोलता येतं तेवढंच ती खायची. केळी, संत्री, सालीसकट उकडलेला बटाटा, कवच न फुटलेलं उकडलेलं अंडं. अंड्याला तडा गेलेला असला तर ते बाजूला ठेवायची. मी तिच्या देखत तांदूळ धुतले, तिच्या देखत शिजवले, तिला ओट्याजवळ उभं केलं. तरी ती खाईना. भावोजींनी समजावलं, मग दटावलं. दुधाने तोंड पोळलंय, ताकही फुंकून पिणार, असं शेवटी तेच मला म्हणाले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी वजन केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तपासणीच्या दिवशी होतं त्यापेक्षाही दीड किलो कमी. "आतडं भरून यायला नुसती फळं आणि बटाटे पुरणार नाहीत," त्या म्हणाल्या. "हिच्या पोटात नीट जेवण गेलं पाहिजे. नाहीतर मला हिला इथे ठेवून नाकातून नळी घालावी लागेल."

नळीचं ऐकून पिटूने फक्त मान हलवली. तिला नळी चालणार होती.

मी काजवालीसमोर मशीनच्या खडखडाटात बसून रडले. एकोणीस वर्षांत तिथे मला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. ती मशीन बंद करून संध्याकाळी माझ्याबरोबर घरी आली, पिटूजवळ बसली आणि म्हणाली, "माझ्या पुतण्याला मी भात-भाजी करून घालायचे, तशी तुला आणू का?" पिटू विचारात पडली. मग म्हणाली, "तुम्ही स्वतः करता?" काजवाली हो म्हणाली. "मग आणा."

काजवाली मनाने सोन्यासारखी, पण तिचा पुतण्या आता दुसऱ्या गावी; तिच्या घरी रोज पाव, रोज पीठ, एकच विळी, एकच डाव. तिच्या ओट्यावरचं बोटभर पीठ पिटूला पुन्हा आडवं करायला पुरलं असतं. आणि यावेळी तिचा त्या हातावरचाही विश्वास उडाला असता. मग तिला भरवायला जगात कोणी उरलं नसतं.

म्हणून आता मी कामावरून सुटले की आधी काजवालीच्या घरी जाते. माझ्या नव्या पातेल्या तिच्याकडे वरच्या फळीवर कापडात गुंडाळलेल्या असतात. ओटा पुसते, भात करते, भाजी करते, अंडं घालते. डबा भरते. हात साबणाने धुते, वास राहू नये म्हणून पदर झटकते आणि घरी जाऊन कपडे वाळत घालत बसते. सात वाजता काजवाली डबा घेऊन येते. पिटू तिच्यासमोर बसून पूर्ण जेवते. माझ्याकडे पाठ असते.

एकदा ती जेवताना म्हणाली, "काकू, तुमच्या हातचं पोटात गप्प बसतं." काजवालीने माझ्याकडे पाहिलं. मी वाळत घातलेला टॉवेल काढला आणि पुन्हा वाळत घातला.

हे पिटूला कळलं तर काय होईल, याचा विचार करून माझा जीव टांगणीला लागतो. तिला एक दिवस सांगायला हवं, असं काजवाली म्हणते. मी म्हणते, आधी तिची लव उगवू दे.

परवा तपासणीला गेलो. वजन साडेचार किलो वाढलं होतं. रक्तातल्या खुणा निम्म्यावर आल्या होत्या. डॉक्टरबाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "हिचा स्वयंपाक कोण करतं?" त्यांनी विचारलं. "इतकं काटेकोर सांभाळणारं घर मी फार कमी पाहिलंय."

मी तोंड उघडायच्या आत पिटू म्हणाली, "काजवाली काकू करतात."

"वा. मग त्यांना माझ्याकडून सांगा हं," डॉक्टरबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणावं, ही पोरगी तुमच्यामुळे उभी राहिली."

पिटू माझ्या तोंडाकडे पाहत होती, मी खरंच निरोप देणार की नाही याचा अंदाज घेत.

"सांगते," मी म्हणाले.